जोडीदार शिक्षकाचे प्रश्न

"त्या हिरव्या पातळातल्या बाईंना वर्गाला रोज कोण सोडायला येतं?"

माझ्या लेकीच्या, शर्वीच्या तोंडात भाताचा घास होता आणि माझ्या डाव्या हातात फोन. प्रश्न मी तीनदा वाचला. मग उठून पुढच्या खोलीचं दार लावलं. भर दुपार होती, समोरच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी लावलं.

प्रश्न विचारणाऱ्याचं नाव वामन गेडाम, जिल्हा गडचिरोली. याखेरीज मला त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांत चेहरासुद्धा दिसला नव्हता. ऑनलाइन बैठकीत सगळ्यांचे चेहरे लुकलुकत असायचे, याचा चौकोन काळा.

याला सात वर्षं झाली. तेव्हा मी आमच्या गावात बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. सांगली जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं गाव. वर्ग आमच्याच पुढच्या खोलीत, दुपारी दोन ते साडेतीन, शर्वीच्या झोपेच्या वेळेत. अकरा बायका. वर्ग चालवणाऱ्या संस्थेनं त्या वर्षी फर्मान काढलं होतं की पुढच्या जूनपासून प्रमाणपत्र असलेल्यांनाच वर्ग मिळेल. प्रमाणपत्र म्हणजे हे ऑनलाइन प्रशिक्षण, आठ आठवडे, फी नव्याण्णव रुपये.

"नव्याण्णव?" नितीन, माझा नवरा, म्हणाला होता. "नव्याण्णवमध्ये शर्वीचं सिरप येत नाही. मग ते लोक कमावतात कशावर?"

तो औषधांच्या दुकानात काम करतो. त्यानं ते गमतीनं म्हटलं आणि जेवायला बसला. माझ्या मात्र डोक्यात ते वाक्य राहिलं.

प्रशिक्षणाची पद्धत अशी होती. दर आठवड्याला आपल्या वर्गाची दहा मिनिटं फोनवर टिपायची आणि पाठवायची. ती एक जोडीदार शिक्षक बघणार आणि त्यावर तीन प्रश्न विचारणार. फक्त प्रश्न. सल्ला द्यायचा नाही, चूक दाखवायची नाही, कौतुकही करायचं नाही. शिक्षकाला त्याचं उत्तर त्याचं त्यालाच सापडलं पाहिजे, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ऐकायला छान वाटलं. पण मग एक अनोळखी पुरुष चेहरा झाकून माझी पुढची खोली दर आठवड्याला दहा मिनिटं बघणार आणि कोण येतं, कोण जातं हे विचारणार. आणि त्या दहा मिनिटांत, कोपऱ्यातल्या पाळण्यात, माझी चौदा महिन्यांची मुलगी.

मी उत्तर लिहिलं, "घरचे." एवढंच.

हिरव्या पातळातली म्हणजे फुलाक्का मोहिते. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्यामागं रस्त्याकडेच्या दोन खोल्या आणि पुढची मोकळी जागा एवढंच तिचं. मागावर सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. तिला सोडायला यायचा तिचा दीर, शहाजीभाऊ. गाडीवरून आणायचा, वर्ग सुटेपर्यंत खिडकीशी थांबायचा, परत न्यायचा. एवढं करणारा दीर आमच्या आळीत दुसरा नव्हता. बाकीच्या बायका तिला चिडवायच्या.

"फुलाक्का, सासऱ्यानं घोड्यावरनं आणली नव्हती, ती दिरानं हिरोहोंडावरनं आणली!"

"जळता का गं?" फुलाक्का म्हणायची. "तुमच्यातल्या कुणी पुण्य केलं न्हाई, त्याला मी काय करू?"

शहाजीभाऊ आला की कधी शर्वीला पपई आणायचा, कधी माझ्या खोलीची लोंबणारी वायर खिळ्यानं नीट करून द्यायचा. आणि दर दोन दिवसांनी एक चौकशी.

"ताई, वैनीची सही कुठवर आली?"

"फु आणि ला झालं, भाऊ. मोहिते राहिलंय."

"लवकर येऊ द्या. बाकीचं वाचनबिचन काय, निवांत हुईल."

मीही सहीपासूनच सुरुवात करायचे. आमच्याकडं तसंच करतात सगळे. मोठी बाई महिनाभर ग म भ न गिरवत बसली की कंटाळते, वर्ग सोडते. पण स्वतःचं नाव लिहिता आलं की तिचा चेहरा बदलतो आणि मग ती टिकते. मला स्वतःला ते बघायला आवडायचं.

चौथ्या आठवड्याचे प्रश्न आले.

"खिडकीत उभा असलेला माणूस कोण आहे? त्या बाई बाकीच्यांसारखं धडा न वाचता फक्त सहीच का गिरवतात? वर्ग तुमच्या राहत्या घरात भरतो का?"

तिसरा प्रश्न वाचून मी आधी पाळण्याकडं बघितलं. त्या रात्रीपासून मी फोनच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावून झोपायला लागले. पुढच्या वेळी चित्रीकरण करताना पाळणा आतल्या खोलीत नेला, फोन अशा कोनात ठेवला की खिडकी दिसू नये, दारावरची पाटी दिसू नये. फक्त फळा आणि बायकांच्या पाठी.

पाचव्या आठवड्याचा पहिला प्रश्न, "मागच्या वेळी खिडकी दिसत होती, आता दिसत नाही. का?"

मी प्रशिक्षणाच्या समन्वयक बाईंना फोन लावला. मला जोडीदार बदलून हवा, म्हटलं.

"कारण सांगता का, मॅडम?"

"ते गृहस्थ माझ्या घराबद्दल विचारतात. वर्गातल्या बायकांबद्दल विचारतात. कॅमेरा कायम बंद. ते शिक्षक आहेत हे तरी तुम्ही तपासलंय का?"

"गेडाम सरांची आजवर कुणाची तक्रार नाही हो. आता पाच आठवडे झाले, तीनच राहिलेत. जोडीदार बदलला तर तुम्हाला पहिल्यापासून करावं लागेल."

पहिल्यापासून केलं तर जून हुकणार होता. मी फोन ठेवला.

हे सगळं मी सांगितलं कुणाला, तर शहाजीभाऊला. तो खिडकीशी उभा होता, मी फळा पुसत होते आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवेना. त्यानं मान हलवत ऐकून घेतलं.

"असल्या लोकांपास्नं जपून ऱ्हावा, ताई," तो म्हणाला. "पोरीला अजाबात दिसू देऊ नका फोनवर. आणि आमच्या वैनीचं बी काय सांगू नका त्याला. बाईमाणसाची माहिती काढत्यात आणि मग काय बी करत्यात."

मला बरं वाटलं. निदान एकाला तरी माझी भीती खुळेपणाची वाटली नव्हती. नितीन तर म्हणाला होता, "तू ना, दुधावर साय आली तरी त्यात काहीतरी पोहतंय का बघशील."

सहाव्या आठवड्यात फुलाक्काला सही आली. वर्गातल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पाटीवर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, मग पाटी छातीशी धरून खिडकीकडं धरली. "बघा भाऊजी!" शहाजीभाऊनं खिशातून पेढ्याचा पुडा काढला, आधीच आणून ठेवलेला. मी ते टिपलं आणि पाठवून दिलं. खिडकीही त्यात आली होती, हे पाठवताना माझ्या लक्षात आलं नाही.

त्यावर तीन प्रश्न नव्हते. मंगळवारी दुपारी एकच आला.

"सही आली. आता त्या बाई पहिली सही कुठे करणार आहेत?"

मी चिडले. खरंच चिडले. पडद्यावर त्याचा नंबर होता. मी तो लावला. पलीकडं वारा जोरात वाहत होता.

"गेडाम बोलून राहिलो."

"तुम्हाला काय करायचंय हो, ती कुठे सही करते, कधी करते? ती कुठे असेल हे तुम्हाला कशाला हवंय? पाच आठवडे बघतेय मी. घर कुठलं, माणूस कोण, खिडकी का दिसत नाही. तुमचा कॅमेरा आधी सुरू करा आणि मग विचारा!"

"मॅडम, मी पाण्याच्या टाकीवर बसलो आहे," तो म्हणाला. आवाज म्हाताऱ्याचा होता, दमलेला. "आमच्याकडे खाली रेंज येत नाही. चित्र लावलं तर आवाज जाते. पण तुम्ही म्हणत असाल तर लावतो, दोन मिनिटं. मग तुम्हाला ऐकू येणार नाही."

"राहू द्या," मी म्हणाले.

"प्रश्नाच्या बाहेर बोलायची परवानगी नाही आपल्याला," तो म्हणाला. "मला समजतं, तुम्हाला राग येणारच. पण आता तुम्ही स्वतः फोन केला आहे नं? मग बोलू का?"

"बोला."

"त्या बाईला सही कोणाला पाहिजे होती? तिला की त्या खिडकीतल्या माणसाला?"

"परत प्रश्नच."

"सवय झाली, मॅडम." तो हसला असावा; वाऱ्यात नीट कळलं नाही. "बरं, प्रश्न नाही. सांगतो. अंगठा करणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवावा लागते. चार लोकांसमोर. सही करणाऱ्याला कोणी विचारत नाही. सही केली म्हणजे वाचलं, समजलं, असंच धरते सरकार. आपण सही शिकवतो आणि वाचायला शिकवत नाही, म्हणजे आपण काय करतो?"

"हे तुम्ही कशावरून बोलता?"

पलीकडं नुसता वारा वाजला. मला वाटलं रेंज गेली.

"साक्षरता मोहिमेच्या दिवसांत मी तेवीस बायांना सही शिकवली," तो म्हणाला. "एक माझी मोठी बहीण. शेत तिच्या नावावर होतं. कागद माझ्याच चुलतभावानं आणला. तिनं सही केली, किती खूश होती. साक्षीला मी होतो. मीसुद्धा सही केली. मी तर शिकलेलो होतो, मॅडम. मी वाचला नाही."

मग फोन खरंच तुटला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला, असं नाही. बहिणीची गोष्ट कुणीही रचून सांगू शकतं. असंही मनात आलं की हा मला आमच्याच माणसांविरुद्ध फितवतोय, यात त्याचा काहीतरी डाव असेल. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी फुलाक्काच्या शेजारी बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं.

"मग काय फुलाक्का, पहिली सही कशावर करणार?"

"उद्या करायची की, गुरवारी!" ती म्हणाली. "भाऊजी नेणार हाईत. सरकारी घरकुल मिळतंय न्हवं, त्याचा फारम. पक्कं छप्पर पडतंय बाई माझ्यावर, ह्या वयात."

"कुठे भरायचाय फॉर्म? ग्रामपंचायतीत?"

"न्हाई. ते काय ते, रजिस्टर हापिसात. दस्ताच्या."

घरकुलाचा अर्ज दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणी भरत नाही. तिथं खरेदीविक्री होते, वाटण्या होतात. माझ्या लग्नानंतर सासऱ्यांनी जागेचा दस्त केला तेव्हा मी स्वतः तिथं तीन तास बसले होते.

"फुलाक्का," मी आवाज खाली करून म्हटलं, "उद्या सही करायच्या आधी कागद मला दाखवाल? घरकुलाचा फॉर्म तिथं नसतो."

ती माझ्याकडं बघायला लागली. मग तिनं पाटी पिशवीत घातली.

"बाई, माझा नवरा गेला तवा तुम्ही ह्या गावात आला बी नव्हता. दवाखाना कुणी केला, दहावं-तेरावं कुणी केलं? भाऊजींनी केलं. तुमच्या त्या फोनमधल्या माणसानं तुमच्या डोस्क्यात भरवलं व्हय हे?"

शहाजीभाऊनं तिला सांगितलं होतं म्हणजे.

संध्याकाळी तो स्वतः दारात आला. पपई नव्हती आज. मी शर्वीला कडेवर घेतलं.

"ताई, उद्या तुम्ही बी चला. साक्षीला," तो म्हणाला. "तुम्ही शिकवलंय तिला. तुमच्यासारखी शिकलेली बाई संगं असली म्हंजी हापिसात वजन पडतंय. अकराला."

"कागद बघायला मिळेल का आधी?"

"वकिलाकडं हाय. तिथंच बघा की."

त्यानं शर्वीच्या गालाला बोट लावलं आणि गेला. मी तिचा गाल पदरानं पुसला. का पुसला, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

जाऊ नकोस, नितीन म्हणाला. त्यांचं घरचं आहे, उद्या उठून तो माणूस दारात दंगा करेल, मी दिवसभर दुकानात असतो. बरोबरच होतं. मी रात्रभर तेच घोकत होते. सकाळी शर्वीला सासूबाईंकडं दिलं आणि गेले.

कार्यालयात गर्दी होती. फुलाक्का नव्या पातळात होती, केसांना तेल लावलेलं. माझ्याशी बोलली नाही. शहाजीभाऊच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती आणि ती त्यानं काखेत धरली होती. मी दोनदा हात पुढं केला. "आता नंबर येतोय ताई," दोन्ही वेळा एकच उत्तर.

नंबर आला. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "लिहून देणार कोण? सही का अंगठा?"

"सही!" शहाजीभाऊ म्हणाला. "शिकल्यात आमच्या वैनी. ह्या त्यांच्या बाई, साक्षीला हाईत."

कारकुनानं कागद काउंटरवर पसरून त्यावर बोट ठेवलं. फुलाक्कानं पेन घेतलं. पेन धरायची पद्धत मीच तिला शिकवलेली, अंगठा आणि दोन बोटं, घट्ट नाही, सैल. कागद तिच्याकडं तोंड करून होता. माझ्या जागेवरून तो उलटा दिसत होता. एक शब्द वाचायला मिळेना.

"तिला सही येत नाही," मी म्हणाले.

फुलाक्कानं मान वर केली. "येती की वो, बाई!"

"येत नाही. ती अक्षरांची चित्रं काढते. तिला एक ओळ वाचता येत नाही. मी तिची शिक्षिका आहे, मी सांगते. अंगठा घ्या तिचा."

"ओ ताई!" शहाजीभाऊचा आवाज बदलला होता. "टाळ्या वाजवल्यासा की परवा! फोनमधी घेतलंय तुम्ही!"

"घेतलंय. ते खोटं होतं."

रांगेतले लोक बघत होते. फुलाक्काचा चेहरा लालबुंद झाला होता. मी तिच्याकडं न बघता कारकुनाकडंच बघत राहिले. त्यानं उसासा टाकून कागद उचलला आणि आत साहेबांच्या टेबलावर नेला. अंगठा असेल तर साहेबांनी वाचून दाखवायचं, असं म्हणाला. आम्ही सगळे आत गेलो.

साहेबांनी चष्मा चढवला. ते घाईत होते, भराभर वाचत होते, पण मोठ्यानं वाचत होते.

"…माझे मयत पती यांच्या पश्चात वारसाहक्काने मला प्राप्त झालेला, घर व त्यालगतच्या मोकळ्या जागेतील माझा संपूर्ण हिस्सा मी राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझे दीर शहाजी यांच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. सदर मिळकतीवर यापुढे माझा अथवा…"

"थांबा," फुलाक्का म्हणाली. "माझं घर?"

"घराचा हक्कसोड आहे, बाई. मान्य आहे ना तुम्हाला?"

ती शहाजीभाऊकडं वळली. त्यानं आधीच बोलायला सुरुवात केली होती. "वैनी, ते नुसतं कागदावर. ऱ्हायचं तुम्हीच. मी काय बाहेर काढतोय व्हय तुम्हाला? हितनं बायपासचा रस्ता गेल्यावर जागेचं पैसं येतील, तवा एका नावावर असलं म्हंजी…"

"घरकुल कुठं हाय ह्यात?" तिनं साहेबांना विचारलं.

"घरकुलाचा काही संबंध नाही, बाई."

तिनं टेबलावरचा कागद उचलला. शहाजीभाऊनं हात घातला तेव्हा साहेब म्हणाले, "राहू द्या. त्यांच्या नावचा आहे तो." तिनं त्याच्या चार घड्या केल्या, कमरेला खोचला आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेले. पायऱ्यांवर ती थांबली. मला वाटलं, आता माझ्या गळ्यात पडेल.

"चारचौघांत अडाणी ठरवलंसा मला," ती म्हणाली. "तुम्ही."

आणि चालत निघून गेली. गाडीवरून नाही, पायी, भर उन्हात.

शहाजीभाऊ दारात दंगा करायला आला नाही. समोरून गेला की थुंकायचा, एवढंच. ते दोन वर्षं चाललं. मी शर्वीला अंगणात एकटी सोडत नव्हते. सातव्या आठवड्याला मी काही पाठवलं नाही. टाळ्यांची ती फीत मी समन्वयक बाईंना सांगून काढायला लावली. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, ती बाई साक्षर झालेली नाही, माझी चूक झाली. त्या म्हणाल्या, मग प्रमाणपत्राचं अवघड आहे. अवघडच झालं. जूनमध्ये माझा वर्ग दुसऱ्या एकीला मिळाला.

पण ते जूनमध्ये. त्याआधी, त्या गुरुवारनंतर दहाव्या दिवशी, दुपारी दोन वाजता मी फळ्यावर तारीख लिहीत होते. बायका सतरंजीवर टेकत होत्या. फुलाक्का दारातून आत आली. पायी आली होती, पायांवर फुफाटा होता. कुणाला चिडवलं नाही, कुणाशी बोलली नाही. आपल्या जागेवर न बसता माझ्यासमोर बसली, कमरेचा कागद काढला, माझ्या पुढ्यात उलगडला आणि हातानं सपाट केला.

"ह्यातलं पयलं अक्षर कंचं?" ती म्हणाली. "तिथनं धरा. शेवटापत्तूर."